मागून चिकटवलेलं पान

पुस्तक वाचणाऱ्याला ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ दिसतं. आम्हाला तसं दिसत नसे. छापखान्यातून मोठे कागद येत. एका कागदाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. पण ती ओळीनं नसत. पहिल्या पानाशेजारी सोळावं, आणि वरच्या रांगेतली पानं खाली डोकं वर पाय. कागदाला तीन घड्या घातल्या की सगळी पानं आपापल्या जागी येतात. अशा घडी घातलेल्या सोळा पानांना फर्मा म्हणतात. सगळे फर्मे क्रमानं एकावर एक ठेवून शिवले, खळ लावली, पुठ्ठा चढवला की पुस्तक होतं.

मी बावीस वर्षं हे काम केलं. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा बाइंडिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या. मालक मराठी, बेंगळूरला त्यांची पाचवी पिढी. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी चिक्कोडीकडची. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, मग लग्न होऊन इथं आले. कन्नड बोलायला शिकले, वाचायला नाही. कारखान्यात बहुतेक काम कन्नड पुस्तकांचं, त्यामुळे तिथं माझी चौथी कुणाच्या उपयोगाची नव्हती. मीही अण्णांना कधी सांगितलं नाही. मला न विचारता बोलायची सवय नाही.

माझ्याशेजारी मुनियम्मा बसायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणायची. तिची घरची भाषा तेलुगू, पण अण्णांकडे काम करून करून तिला मराठी येत होतं, मोडकं पण बिनधास्त. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि तिच्या हातून एक फर्मा चुकत नव्हता. त्याचं कारण सांगते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखानेवाले एक काळी खूण छापतात, पहिल्याची सगळ्यात वर, दुसऱ्याची थोडी खाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे क्रमानं लावले की पाठीवर तिरपा जिना दिसतो. एखादी पायरी नसली की फर्मा राहिला. अक्का लांब टेबलाभोवती फिरत एकेका ढिगातून फर्मा उचलायची, गठ्ठा ठोकून सारखा करायची आणि पाठीवर नजर टाकून म्हणायची, "सरी, ठीक, जिना पुरा आहे."

तरी तपासणी तिची नसे. कारखान्याचा नियम असा की जी जुळवणी करते तिनं तपासायचं नाही. जुळवणी अक्काची, तपासणी माझी. नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण अण्णांच्या वडिलांपासून चालत आला होता.

नव्वद सालानंतर तीन-चार वर्षांनी एक मराठी पुस्तक आलं. बेळगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या इनामदारबाई मल्लेश्वरमला मुलाकडे राहत होत्या. त्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेवर पुस्तक लिहिलं होतं, ती कशी जन्मली आणि कशाच्या आधारावर उभी आहे, हे साध्या भाषेत सांगणारं. अक्षरजुळणी बेळगावात झाली, पण पुस्तक बनताना डोळ्यांनी बघायचं म्हणून छपाई नि बांधणी इथं. अण्णांना मराठी बोलता येई, वाचताना मात्र ते बोटानं ओळ धरत. त्यांनी पहिला कागद माझ्यापुढे टाकला आणि विचारलं, "इंदू, तुला वाचता येतं म्हणे?" कुणी सांगितलं ते मला कळलं, कारण माझ्या चौथीचं फक्त अक्काला माहीत होतं. अक्का दुसरीकडे बघत होती.

तेव्हापासून ते पुस्तक माझं झालं. घडी घालताना मी वाचत असे, आणि पानं उलटसुलट असल्यामुळे गोष्टही तशीच समजे. राष्ट्राध्यक्षाला काढून कसं टाकायचं ते मला आधी कळलं, निवडायचा कसा ते दोन दिवसांनी. राजाशी भांडण का झालं ते तर लढाई संपल्यावर. घरी जाताना बसमध्ये मी डोक्यातल्या डोक्यात सगळं ओळीनं लावत असे.

दुपारी डबे उघडले की अक्का म्हणायची, "हं, काय केलं आज तुझ्या अमेरिकावाल्यांनी?"

मी सांगायची. माझ्या आयुष्यात मला कुणी काही सांग म्हणून विचारलेलं ते पहिलंच. तेरा राज्यं होती. समुद्रापलीकडचा राजा त्यांना न विचारता कर बसवायचा, म्हणून ती राजापासून तुटली. आधी त्यांनी आपसांत एक सैलसा करार केला. त्यात मधल्या सरकारच्या हातात काहीच नव्हतं, जो तो आपापल्या मनाचा. ते चालेना, म्हणून त्यांची मोठी माणसं एका गावात जमली, भर उन्हाळ्यात खिडक्या-दारं लावून बसली आणि नवी घटना लिहून काढली.

"उन्हाळ्यात खिडक्या लावून? कशाला?"

"बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मोकळेपणानं बोलता यावं."

"मग लोकांना काय कळणार?"

"लिहून झाल्यावर राज्याराज्यांत पाठवली, पटते का बघा म्हणून."

"हां, मग ठीक."

दुसऱ्या दिवशी मी तिला तीन सत्तांचं सांगितलं. कायदा करणारे वेगळे, राज्य चालवणारा वेगळा, न्याय करणारे वेगळे. प्रत्येकाला दुसऱ्याला अडवायचा थोडा थोडा अधिकार.

"मग भांडणंच होत असतील."

"बाईंनी लिहिलंय, व्हावीत म्हणूनच तसं केलं. एकाच्याच हातात सगळं गेलं की तो पुन्हा राजा होतो."

अक्कानं सारभात कालवत विचार केला. "सासू, सून आणि नणंद," ती म्हणाली. "तिघींना एकमेकींचा धाक. म्हणून घर चालतं. एकटी सासू असली की संपलं." मग आतल्या खोलीकडे हनुवटी करून, हळू आवाजात, "इथं मात्र आपले अण्णाच तिन्ही."

मी इतकी हसले की ठसका लागला. तिनं पाठीत दोन धपाटे घातले.

एकदा मात्र ती हसली नाही. राज्यांना लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी द्यायचे ठरलं, तेव्हा गुलामांचं काय करायचं हा प्रश्न आला. शेवटी पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची असं ठरलं. मी हे सांगितलं आणि तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, "कुठली दोन सोडली?"

ते पुस्तकात नव्हतं. "आम्ही लोक" असं त्या घटनेच्या सुरुवातीला आहे, त्यात बायका होत्या का, हेही तिनंच विचारलं. नव्हत्या. त्यांना मत मिळायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

इतकं नीट ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

छपाई संपत आली तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी छापखान्यातून एक लहान गठ्ठा आला. चार पानांची पुरवणी. मूळ घटनेत माणसाच्या हक्कांची यादीच नव्हती. ती यादी असल्याशिवाय आम्ही मान्यता देणार नाही, असं म्हणून काही राज्यं अडून बसली. मग घटना चालू झाल्यावर दहा दुरुस्त्या जोडल्या. त्या दहांचा मजकूर बाईंनी उशिरा दिला होता. छापखान्याचा माणूस गमतीनं म्हणाला, "तिकडंही मागनंच जोडलं, इकडंही मागनंच." ही पानं चौथ्या फर्म्यात मधे घालायची होती, पण वेगळी छापल्यामुळे त्यांच्या पाठीवर काळी खूण नव्हती.

मी घड्या घातल्या. घालताना वाचायला वेळ मिळाला नाही. सोमवारी दुपारी निवांत वाचू, अक्काला सांगू, असं मनात धरून मी तो गठ्ठा टेबलावरच्या ढिगांत न ठेवता मागच्या फळीवर ठेवला, जिथं आम्ही डबे ठेवायचो. अक्कानं विचारलं, "काय ते?" मी म्हटलं, "सोमवारी सांगते." पुस्तकात कुठं जातं ते सांगितलं नाही.

रविवारी सासूबाई मोरीत पडल्या. सोमवार आणि मंगळवार मी दवाखान्यात होते. मागे काम थांबलं नाही. अक्कानं जुळवणी केली आणि मी नाही म्हणून तपासणीही तिनंच केली. जिना पुरा होता. तिच्याकडून काहीही चुकलं नव्हतं.

बुधवारी मी गेले तर शिलाई चालू होती आणि फळीवर गठ्ठा तसाच होता.

तेव्हा सांगितलं असतं तर निम्म्या प्रती वाचल्या असत्या. शिवताना ती पानं मधे घालता आली असती. अण्णा फोनवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होते. म्हटलं, दुपारी सांगू. दुपारी ते बाहेर गेले. गुरुवारी तोंड उघडलं नाही. शुक्रवारी मी त्या गठ्ठ्यावर एक जुनं वर्तमानपत्र टाकलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

शनिवारी इनामदारबाई पहिली प्रत बघायला आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पानं चाळली. पुन्हा चाळली. मग शांतपणे म्हणाल्या, "यात हक्क नाहीत."

अण्णा आतून ओरडतच आले. "जुळवणी कुणाची?"

"माझी," अक्का म्हणाली.

"तपासणी?"

"माझीच. इंदू नव्हती."

"मग झालं की. वाचता येत नाही तर विचारायचं कुणाला तरी. सोमवारपासून येऊ नको."

बाई म्हणाल्या, "अहो, आधी नीट विचारा तरी, कसं झालं ते." अण्णांनी ऐकलं नाही. माणूस वाईट नव्हता. बाईंसमोर लाज गेली, म्हणून कुणावर तरी राग काढला. मी टेबलाच्या या टोकाला उभी होते.

अक्का "सरी अण्णा" म्हणाली. डबा घ्यायला फळीपाशी गेली. डबा उचलताना वर्तमानपत्राचा कोपरा वर आला आणि खालचे कागद दिसले. तिनं ते पाहिलं. मग तो कोपरा हातानं खाली दाबला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेली.

ती गेल्यावर मी गठ्ठा नेऊन अण्णांना दिला. म्हटलं, "फळीवर सापडला."

"बघ," ते म्हणाले, "तिच्याच डब्याखाली."

शिवून झालेल्या पुस्तकात पान घालायचं तर ते चिकटवावं लागतं. पानाच्या आतल्या कडेला दोऱ्याएवढी खळ लावायची, पुस्तक नेमक्या जागी उघडायचं, पान कडेला कड लावून बसवायचं आणि बोटानं वरून खाली दाबायचं. खळ जास्त झाली तर शेजारची पानं चिकटतात, कमी झाली तर पान सुटून येतं. हे काम अण्णांनी मला एकटीला दिलं. दहा-बारा दिवस चाललं असेल. शेजारची जागा रिकामी होती. डबा मी खाल्ला की न खाल्ला ते आठवत नाही.

पण ती पुरवणी मात्र वाचून झाली. प्रत्येक प्रतीबरोबर वाचली. त्यात एक वाक्य होतं, की कुणालाही स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येणार नाही. पहिले दोन दिवस त्या वाक्याचा मला फार आधार वाटला. इतक्या लांबच्या शहाण्या माणसांनी माझ्यासारख्या गप्प बसणारीचा विचार केला होता. पण त्याच पानावर, दोन बोटं खाली, दुसरं होतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो काय आहे ते सांगितलं पाहिजे, आणि त्याच्या बाजूचा साक्षीदार बोलावून आणायची सोय त्याला मिळाली पाहिजे. अक्काच्या बाजूचा साक्षीदार चार हातांवर उभा होता. त्याला कुणी बोलावलं नाही, आणि तोही पुढे आला नाही.

एका दुपारी बाई काम बघायला आल्या. स्टुलावर बसल्या. चिकटवलेली एक प्रत उघडून म्हणाल्या, "छान बसवताय हो. कळतसुद्धा नाही मागून लावलंय ते."

मी मान खाली घालून विचारलं, "बाई, ते स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही म्हणतात. पण त्याला स्वतःहून बोलायचं असलं तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तर बोलावं की. सक्ती नाही तशी मनाईही नाही."

मी ब्रश ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. अण्णांना सगळं सांगितलं, वर्तमानपत्रासकट. ते पुष्कळ वेळ टेबलावरची कातर उघडझाप करत राहिले.

"मग आता तुला काढू?" ते म्हणाले. "आणि मराठी कोण वाचणार?"

त्यांनी कातर खाली ठेवली.

"बोलावून आण तिला. म्हणावं, अण्णांनी बोलावलंय."

ते एवढंच म्हणाले. वाचता येत नाही म्हणून ती गेली, आणि वाचता येतं म्हणून मी राहिले. चूक वाचणारीची होती.

अक्का येलहंकाला भावाकडे राहायची. रविवारी मी बस धरली. सव्वा तास लागला. रेल्वेच्या रुळांजवळ घर होतं. ओसरीवर बसून ती कनकांबराचे, म्हणजे आपल्या अबोलीचे, गजरे बांधत होती. तिची बोटं दोऱ्यावर तशीच चालत होती, जशी फर्म्यांवर चालायची.

"ये ग," ती म्हणाली. "स्वल्प सरकून बस, फुलं तुडवशील."

मी म्हटलं, "अक्का, अण्णांनी बोलावलंय. मी सांगितलं त्यांना सगळं."

"कधी?"

"गुरुवारी."

"हं." तिनं गाठ मारली. "मी गेले त्यानंतरच्या सोमवारी वाटलं, आज सांगशील. मंगळवारी वाटलं. पुढच्या शनिवारपर्यंत बस थांबली की बाहेर येऊन बघत होते. मग ही फुलं घेतली."

"चल ना परत."

"काय सांगून पाठवलंय त्यांनी? चुकलं म्हणाले?"

मी पायाजवळची फुलं सारखी करू लागले. ती समजली.

"मग नाही येत. इथं बरं आहे. चुकलं तर फूल गळतं, कुणी ओरडत नाही." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "त्या कागदात काय होतं ग शेवटी? सोमवारी सांगणार होतीस."

मी सांगितलं. बोलायची मोकळीक, आपापला देव धरायची मोकळीक, कुणाच्या घरात कुणी उगाच घुसायचं नाही, न विचारता शिक्षा करायची नाही. ती गजरा बांधत ऐकत होती, पूर्वीसारखीच, मधे मधे हं म्हणत. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं.

"आणि तिकडं असं करतात?"

"बाई म्हणाल्या, कधी करतात, कधी करत नाहीत. पण लिहिलेलं असलं की बोट ठेवून दाखवता येतं."

"हे कुणी दिलं त्यांना? मोठ्या माणसांनी आपणहून?"

"नाही. लोकांनी मागितलं. ते नसेल तर मान्य नाही म्हणाले."

अक्काचे हात थांबले. आवाज चढवला नाही. नेहमी प्रश्न विचारायची तसाच विचारला.

"मग तू का नाही मागितलंस माझ्यासाठी?"

रुळांवरून मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत मी काहीतरी शोधत होते. तिनं एक गजरा तोडून माझ्या केसांत माळला आणि म्हणाली, "जा, बस निघेल."

त्यानंतर मी कारखान्यात आणखी पुष्कळ वर्षं काढली. बाईंचं पुस्तक बेळगावकडे गेलं, पोरांनी ते वाचून परीक्षा दिल्या असतील. पुढं घडीचं यंत्र आलं, फर्मे आपोआप दुमडून पडू लागले, आणि वाचायला वेळ उरला नाही. नव्या बायका आल्या, चांगल्या होत्या. दुपारी टीव्हीवरच्या मालिकांचं बोलायच्या. मी ऐकायची. कधी एखाद्या पुस्तकात काही चांगलं दिसलं की मनात म्हणायची, हे अक्काला सांगितलं तर ती काय विचारेल? प्रश्न कधी नीट सुचत नसे. ते तिलाच सुचत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच बसमध्ये, परत येताना सापडलं होतं. मी घाबरले होते, एवढंच. काम जाईल, सगळे माझ्याकडे बघतील, अण्णा ओरडतील. दुसरं काही कारण नव्हतं. पण एवढंसं उत्तर घेऊन कसं जायचं, या विचारात सहा महिने गेले.

आमच्या चाळीत एक तेलुगू कुटुंब होतं. मी त्या बाईला विचारलं, मला भीती वाटली होती, हे तुमच्यात कसं म्हणतात? तिनं सांगितलं, "नाकु भयमेसिंदि." अक्काला माझं मराठी कळत होतं. तरी हे तिच्या भाषेत म्हणावं असं मला वाटलं. आठवडाभर भांडी घासताना मी ते घोकलं.

रविवारी येलहंकाला गेले. ओसरी धुतलेली होती. मी दाराची कडी वाजवली आणि ते दोन शब्द पुन्हा एकदा मनात म्हटले.

दार एका अनोळखी बाईनं उघडलं. ती कन्नडमध्ये म्हणाली, ते लोक खोली सोडून गेले, कुठं ते माहीत नाही.